कुलूपबंद स्वच्छता

घाणीची मला किळस येत नाही. पुरुषांच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी उभी हयात गेली. माणसाच्या अंगातून काय काय बाहेर पडतं ते सगळं पाहिलंय, पुसलंय आणि हात धुऊन डबा खाल्लाय. पण त्या दिवशी बसमध्ये चढल्या चढल्या एका पोरीने चिमट्यात धरून गुलाबाच्या वासाचा ओला रुमाल माझ्यापुढे केला आणि मी नाकाला पदर लावला. तो वास इतका उग्र होता, की कशावर तरी पांघरूण घालायलाच आणला असणार, असं मला तेव्हाच वाटलं.

बस आमच्या चिरंजीवांच्या कंपनीची होती. म्हणजे कंपनी दुसऱ्याच कुणाची, पण चिरंजीव तिथे ग्राहकसेवेचे मोठे साहेब. प्रवाशांचं समाधान वाढवल्याबद्दल त्या संध्याकाळी कंपनी त्याला बक्षीस देणार होती. आमची तिकिटं त्यानेच पाठवली होती. बसमधून उतरून थेट समारंभाला जायचं, म्हणून आमचे हे घरूनच नटून निघाले होते.

हे शिंपी. शर्ट कुणीही शिवावा, पँट मात्र ह्यांनीच, असं आमच्या भागात लोक म्हणायचे. समारंभासाठी ह्यांनी स्वतःकरता क्रीम रंगाची पँट शिवली. आता सुईत दोरा ओवता येत नाही, तो मी ओवून दिला, बाकी सगळं त्यांचं. मी म्हटलं होतं, प्रवासाला गडद रंग बरा. त्यावर म्हणाले, पोराच्या कौतुकाला जातोय, मयताला नाही. मग मी कशाला बोलतेय.

ह्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे. गोळी चालू आहे, पण लागली की लागली, धरून ठेवणं त्यांच्या हातात राहत नाही. म्हणून तिकिटं आली तेव्हा मी चिरंजीवांना पहिला प्रश्न तोच विचारला. तो फोनवर हसला. आमच्या प्रत्येक गाडीत टॉयलेट आहे, विमानापेक्षा स्वच्छ, तू काळजी करू नकोस, म्हणाला. तिकिटावर टॉयलेटचं चित्रही होतं.

गाडी निघाली तशी ह्यांची छाती फुगायला लागली. रुमाल, पाण्याची बाटली, मऊ ब्लँकेट, पाय ठेवायला फळी. पलीकडच्या सीटवर एक औषधविक्रेता बसला होता. त्याची ओळख ना पाळख, तरी त्याला ह्यांनी ऐकवलंच, की हे सगळं आमच्या मुलाच्या डोक्यातून निघालंय. ब्लँकेटची कड चिमटीत धरून पाहिली आणि मला म्हणाले, "टीप बघ. किती सरळ आहे." ह्यांची सर्वांत मोठी शाबासकी ती.

शहर मागे पडल्यावर हे उठून मागे गेले आणि तसेच परत आले. आत कुणीतरी आहे म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा गेले. तिसऱ्यांदा परत येताना त्यांनी त्या रुमालवाल्या पोरीला गाठलं. "नक्की सर, मी लगेच बघते," ती म्हणाली. काय गोड आवाज! लगेच गेली आणि लगेच आली. येताना सरबताचं खोकं आणलं, त्यात नळी खोचली आणि दोन्ही हातांनी ह्यांच्यापुढे धरलं. असुविधेबद्दल क्षमस्व, सर.

ज्याला लघवीला जायचंय त्याला सरबत! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठून मागे गेले. टॉयलेटचा दरवाजा चकचकीत होता, त्यावर हसऱ्या थेंबाचं चित्र होतं आणि खाली कडीला लहानसं पितळी कुलूप होतं, ह्यांच्या नजरेला न दिसलेलं.

पोरीला तिथेच उभी केली आणि विचारलं, की हा काय प्रकार आहे. तिने आधी पाठ केलेलं तांत्रिक कारण सांगितलं. मी हलले नाही, तेव्हा ती खाली बघून खरं बोलायला लागली. पूर्वी सगळ्यात जास्त तक्रारी घाणेरड्या टॉयलेटच्याच यायच्या. ते दर फेरीला धुवायचं तर माणूस लागणार, माणूस म्हणजे पगार. मग ग्राहकसेवेच्या सरांनी उपाय काढला. कुलूप लावल्यापासून घाणेरड्या टॉयलेटची एकही तक्रार नाही. कुलपाबद्दल कुणी कुरकुर केली तर सरबत द्यायचं आणि गोड बोलायचं. उतरताना अभिप्राय म्हणून बहुतेक लोक फोनवर हसरा चेहराच दाबतात.

"चावी कुठेय?" मी विचारलं.

"सरांच्या ऑफिसात. आमच्याकडे दिली तर आम्हाला दया येते, असं ते म्हणतात."

"आणि तू काय करतेस दिवसभर?"

"मी पाणीच पीत नाही, मॅम," ती म्हणाली. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, कारण ते काढायची परवानगी नसावी.

मी वळले तर हे मागेच उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. चेहरा एवढासा झाला होता. जागेवर येऊन बसले, मांड्या आवळल्या आणि हळूच म्हणाले, "आता कुणाला काही बोलू नकोस. आज त्याचा दिवस आहे."

मला ह्यांचं दुकान आठवलं. एखादं गिऱ्हाईक कंबर घट्ट झाली म्हणून कुरकुरत आलं, की हे खूश व्हायचे. त्याच्यासमोर बसून उसवायचे, पुन्हा टीप मारायचे, वर चहा पाजायचे. बोलतो तो आपला, न बोलता जातो तो गेला, असं म्हणायचे. त्याच दुकानात कापडाच्या ढिगावर बसून आमच्या पोराने अभ्यास केला. आणि एवढं शिकून त्याने काय शोधून काढलं, तर कुलूप! मला त्या गुलाबाच्या वासाची, त्या सरबताची, त्या हसऱ्या थेंबाची अशी शिसारी आली, की वॉर्डात कधी कुठल्या भांड्याची आली नव्हती.

ह्यांच्या कपाळावर घाम जमला होता. औषधविक्रेता काहीतरी विचारत होता आणि हे नुसते मान हलवत होते. मी सरळ पुढे ड्रायव्हरकडे गेले. तो जाडजूड, त्रासलेला माणूस होता. मागे न बघता म्हणाला, "नाही थांबवता येणार, मावशी. रस्त्याला दोन्ही बाजूंनी भिंत आहे, बाजूला घ्यायला जागा नाही, मागून कुणी ठोकेल. फाटा आला की थांबवतो. मधे थांबलो म्हणून पगारातून दंड कापतील, कापू देत."

खरं सांगते, मला बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी तोंडावर नाही म्हणालं होतं आणि पुढे काय करणार तेही सांगितलं होतं. मी ह्यांना जाऊन सांगितलं, फाट्यापर्यंत कळ काढा. ते खिडकीबाहेर बघत राहिले. ती भिंत काही संपेना. मी त्यांचा हात धरला होता. बोटं गार पडली होती.

फाटा आला. ड्रायव्हरने बोलल्याप्रमाणे गाडी बाजूला घेतली. हे उठले, सीटच्या पाठीला धरत धरत दारापर्यंत गेले आणि शेवटच्या पायरीवर थांबले. मी मागे होते. त्यांचे खांदे खाली गेले ते मला दिसलं. मग क्रीम रंगाची पँट आतल्या बाजूने गडद होत गेली, घोट्यापर्यंत.

ड्रायव्हर त्याच्या बाजूच्या दाराने उतरून वळसा घालून आला. त्याने एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. गाडीतल्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, की टायर बघायला लागेल, कुणी उतरू नका. आणि चांगला वेळ एकेका टायरला लाथा मारत फिरला. आम्ही गाडीच्या आडोशाला उभे होतो. पुसायला माझ्याकडे तोच गुलाबाच्या वासाचा रुमाल होता. बदलायला कपडे नव्हते, बॅगेत फक्त समारंभाचा कोट.  मी पायापाशी वाकले तेव्हा हे एवढंच म्हणाले, की इस्त्री गेली.

ब्लँकेट कमरेला गुंडाळून त्यांना परत जागेवर आणून बसवलं. औषधविक्रेत्याने विचारलं, थंडी वाजतेय का. मी हो म्हटलं. ती पोरगी आणखी एक ब्लँकेट घेऊन आली, ह्यांच्या पायांवर घातलं आणि या वेळी हसली नाही. नंतर बराच वेळ मागच्या बाजूला तोंड करून उभी होती. तिच्यावरचा माझा राग तिथेच संपला.

स्टँडवर चिरंजीव स्वतः आले होते. अंगात सूट, हातात फुलांचा गुच्छ आणि सोबत कंपनीचा फोटोवाला. संध्याकाळी मोठ्या पडद्यावर दाखवायला साहेबांच्या आईवडिलांचा समाधानी फोटो हवा होता. बाकीचे प्रवासी उतरून पांगले, मग आम्ही उतरलो. ह्यांनी दोन्ही हातांनी ब्लँकेट धरून ठेवलं होतं.

"कसा झाला प्रवास?" त्याने विचारलं.

"उत्तम," हे म्हणाले.

मला ओरडायचं होतं. पण ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नुसती बॅग उचलली. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. चिरंजीव ह्यांच्या शेजारी उभे राहिले, गुच्छ ह्यांच्या हातात दिला आणि हसत म्हणाले, "बाबा, ब्लँकेट गाडीतच ठेवायचं असतं." गुच्छ धरायला ह्यांचा एक हात सुटला होता. चिरंजीवांनी ब्लँकेट ओढून काढलं.

कॅमेऱ्याचा आवाज झाला.

पँट अजून ओली होती. वास यायला लागला होता. कुणाला कळायला नको होतं, त्याला तर मुळीच नको होतं, आणि आता स्टँडवरचे हमालसुद्धा बघत होते. चिरंजीवांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. पण त्याने आधी बापाकडे नाही पाहिलं. फोटोवाल्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तो डिलीट कर."

मग वळून हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुम्ही कुणाला तरी सांगायचं."

"सांगितलं," हे म्हणाले. "तिने सरबत दिलं."

 कळलं असणार, डोकं काही कमी नाही त्याला. कान लाल झाले होते. मी मनात म्हटलं, आता बोल. बाबा, चुकलं, एवढं म्हण. त्याने गळा साफ केला आणि म्हणाला, झालेल्या गैरसोयीबद्दल त्याला मनापासून खेद आहे, आणि या प्रसंगाची योग्य ती नोंद घेतली जाईल. आपल्या बापाला म्हणाला. मला वाटतं, त्याच्यापाशी दुसरे शब्द शिल्लकच नव्हते.

"मला तुझी किळस येतेय," मी म्हणाले. "मी तुझी आई आहे आणि मला तुझी किळस येतेय."

"आई, लोक बघतायत," तो म्हणाला.

त्याची कार जवळच उभी होती. कंपनीचीच, आतून फिकट रंगाची. घरी नेऊन बाबांना कपडे देतो, वेळ आहे अजून, म्हणत त्याने मागचं दार उघडलं. मग दार धरून एक क्षण थांबला. ह्यांच्या हातातला गुच्छ अलगद काढून घेतला, त्यावरचं प्लास्टिक सोडवलं आणि सीटवर पसरलं. फुलं टपावर ठेवली.

मी ते प्लास्टिक ओढून फेकायला पुढे झाले. पण ह्यांनी मला हाताने मागे सारलं. वाकून त्यांनी प्लास्टिकवरची चुणी तळव्याने काढली, कडा सीटच्या कडेला जुळवून घेतल्या, कापड बेतताना घेतात तशा. सरळ झालंय याची खात्री केली आणि मग जपून, थोडीशीच जागा घेत, त्यावर बसले.

"थँक यू, बाबा," चिरंजीव म्हणाले. अगदी गोड आवाजात, त्या पोरीला शिकवलाय तशा.