बोथट पात्यांचा मिक्सर

मित्रांनो, माझ्या तीन भांड्यांपैकी आता एकच उरले आहे. बटणावरचे आकडे पुसले गेले आहेत आणि एका पायाचे रबर गळून पडल्यामुळे मी चालू झालो की टेबलावर थोडा नाचतो. होय, मी मिक्सर आहे. जुना आहे, पण निकामी नाही. मध्ये दीड वर्ष मात्र मी स्वतःला निकामीच समजत होतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेव्हाचे मला फारसे आठवत नाही. आठवते ते हे घर. बॅण्डमास्तरांच्या बायकोने मला दुकानातून निवडले, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "आवाज जरा बेसूर आहे याचा." त्या म्हणाल्या, "तुमच्या बॅण्डमध्ये वाजवायचा नाहीये तो." त्यांच्या हाताखाली मी बावीस वर्षे वाटण केले, दाणे दळले, फळांचे रस काढले. पाहुणे आले की त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "अजून एकदाही दुरुस्तीला गेला नाही." मला तेव्हा फार बरे वाटे.

पुढे त्या गेल्या. घरात मास्तर आणि त्यांची मुलगी असे दोघेच उरले. मुलगी शिवणकाम करते, म्हणून सगळे तिला टेलरताई म्हणतात. माझी पाती हळूहळू बोथट झाली. दाणे भांड्यात नुसते गरगरायचे, बारीक काही व्हायचे नाहीत. शेवटी टेलरताईने नवा मिक्सर आणला आणि मला चादरीच्या तुकड्यात गुंडाळून स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवले. तुकडा आखूड होता. त्यातून मला सगळे दिसत असे.

मला जे दिसले, ते आधी कोणालाच दिसले नव्हते. मास्तरांचे एक ऑपरेशन झाले होते. ते बरे झाले. पण त्यानंतर त्यांना लघवी आवरता येईना. ते मऊ सोफ्यावर बसेनासे झाले. लाकडी खुर्चीच ओढून घ्यायचे. टेलरताई कपडे द्यायला बाहेर पडली की घाईघाईने मागच्या व्हरांड्यात जायचे, आपली पॅण्ट आपणच धुवायचे आणि पाण्याच्या टाकीमागे वाळत घालायचे. ज्या माणसाच्या हाताच्या इशाऱ्यावर चाळीस वाद्ये एकदम थांबत, तो माणूस टाकीमागे वाकून पॅण्ट पिळत होता.

एके दिवशी त्यांचा जुना विद्यार्थी आला. तो आता बॅण्ड चालवतो. म्हणाला, "मास्तर, बॅण्डला पन्नास वर्षं होतायत. बागेत कार्यक्रम आहे. तीन तासांचा. बॅण्डपुढे तुम्हीच उभं राहायचं."

"गुडघे साथ देत नाहीत रे," मास्तर म्हणाले.

तो खाली मान घालून गेला. टेलरताई भाजी चिरत होती. तिने सुरी बाजूला ठेवली.

"बाबा, तुम्हाला जायचंय की नाही, एवढंच सांगा."

"अगं, गुडघे..."

"गुडघ्यांचं नाही विचारत मी. टाकीमागे काल मला तीन पॅण्टी दिसल्या."

मास्तर लाकडी खुर्चीवर टेकले. मग अगदी हळू म्हणाले, "तीन तास, पोरी. मला तासभरसुद्धा जमत नाही."

"मग तीन तास टिकेल असं काहीतरी शिवू," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी चिरू लागली.

दुकानातले पॅड तिने आणून पाहिले. पण त्यांच्या प्लास्टिकने मास्तरांच्या कातडीवर लाल चट्टे उठले. कापूस घातला, तर तो दबून बसे आणि कडेने ओल फुटे. तेव्हा शेजारच्या कागदवाल्या मावशी धावून आल्या. त्या घरी हाताने कागद बनवतात. केळीच्या बागेत घड उतरवला की झाड तोडून टाकतात. त्या तिथून बुंधे उचलून आणतात.

"अगं, केळीच्या खोडात पाणी किती असतं पाहिलंयस का?" मावशी म्हणाल्या. "ते पाणी धरून ठेवायची तिच्या धाग्याला सवयच असते. नीट उकळला, मोकळा केला, तर पुन्हा धरील."

मग आमच्या घरात जो पसारा झाला, तो काय सांगू! बुंध्याची सोपटे, म्हणजे एकावर एक बसलेले पदर, सोलून फळीवर ठेवायची आणि पत्र्याच्या पट्टीने खरवडायची. गर निघून जातो आणि लांब, चकचकीत धागे उरतात. ते वाळवायचे, कात्रीने बोटभर तुकडे करायचे, धुण्याच्या सोड्यात चांगले उकळायचे आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे. पहिल्या वेळी उकळायला घाई झाली. मास्तर तो पॅड लावून दोन पावले चालले आणि जागीच थांबले.

"पॅड आहे का घोंगडी? टोचतंय!"

दुसऱ्या खेपेला धागा छान मऊ निघाला. आता तो कापसासारखा पिंजायचा होता. टेलरताईने तो नव्या मिक्सरमध्ये घातला. नवा मिक्सर गुर्र करून एकदाच फिरला आणि भांड्यात पीठ झाले! त्या पिठाचा पॅड केला, वर कपभर पाणी ओतले, तर त्याचा चिखल होऊन पाणी खालून निघून गेले.

मावशींनी चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन फुंकले. "धार फार आहे याला. धागा तुटता कामा नये, नुसता उकलला पाहिजे. धार नको, मार हवा."

टेलरताईची नजर माळ्याकडे गेली. मित्रांनो, माझी वायर थरथरली म्हटले, तर तुम्ही हसाल. पण मला तसे वाटले खरे.

मला खाली उतरवले, पुसले, भांड्यात मूठभर धागा टाकला. मी फिरलो. माझी बोथट पाती धाग्याला कापू शकली नाहीत. त्यांनी त्याला झोडपले, उलटेपालटे केले, सोडवले. झाकण उघडले, तेव्हा मूठभर धाग्याचा भांडेभर फुगा झाला होता. टेलरताईने तो चिमटीत धरला. इतका हलका, की तिच्या श्वासानेच उडाला आणि मास्तरांच्या मिशीला चिकटला.

"बेसूर असला तरी कामाचा आहे," मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांनी मिळालेली ती शाबासकी मी अजून विसरलो नाही.

टेलरताईने तो पिंजलेला धागा मऊ सुती कापडात भरला, वर आडवे-उभे टाके घातले, म्हणजे तो एका जागी गोळा होऊ नये. खाली, कातडीला लागणार नाही अशा बाजूला, जुन्या रेनकोटची पट्टी शिवली. मग परीक्षा. पॅडवर कोमट पाणी ओतले, वर वीट ठेवली, खाली कागद. पाऊण तासाने कागद उचलला. कोरडा!

पण कार्यक्रमाला तीन दिवस असताना माझ्यावरच संकट आले. मास्तरांना उत्साहाचे भरते आले होते. टेलरताई बाहेर गेलेली पाहून त्यांनी स्वतःच काम करायला घेतले आणि अर्धवट ओला धागा भांड्यात कोंबला. त्याचा दोर वळला आणि माझ्या आसाला आवळून बसला. मी घरघरलो, जळका वास आला आणि थांबलो.

मास्तर तसेच उभे राहिले. टेलरताई आली, तेव्हा म्हणाले, "मीच मारला त्याला." पिंजलेला धागा एकाच पॅडपुरता उरला होता आणि त्यांना बदलायला दुसरा हवाच होता.

"ओरडू नकोस," ते म्हणाले.

"ओरडत नाही. चपला घाला. आपण दोघं जाऊ."

वर्षभरात मास्तर कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यापर्यंतसुद्धा गेले नव्हते. त्या दिवशी गेले, होता तो पॅड लावून, मला कडेवर घेऊन. दुरुस्तीवाल्याने मला उलटे केले, आस सोडवला, मोटरीतले झिजलेले कार्बन बदलले. "पाती पण बदलून देऊ का? पार बोथट झालीत," त्याने विचारले.

"खबरदार!" दोघे एकदम ओरडले. बिचारा दचकलाच.

कार्यक्रमाला मी नव्हतो. मला कळले ते संध्याकाळी. दार उघडले, मास्तर लाल कोटात आत आले आणि थेट जाऊन मऊ सोफ्यावर बसले. टेलरताई मावशींना सांगत होती, "तीन तास वीस मिनिटं, मावशी! मध्ये फक्त एकदा आत जाऊन पॅड बदलून आले. शेवटी लोकांनी आणखी एक धून मागितली, तर यांनी दोन वाजवल्या." बोलता बोलता तिने डोळे पुसले. मास्तर म्हणाले, "अगं, रडतेस काय? पाणी दे, घसा सुकलाय. वर्षभर भीतीने पाणीसुद्धा मोजून पीत होतो." मग दोन पेले गटागटा प्यायले.

दुसऱ्या दिवशी ढोलवाला आला. अंगाने दांडगा, बोलला की खिडक्या हादरतात. तो चक्क कुजबुजत होता. "मास्तर, काल बदलताना पाहिलं... ते काय लावलं होतंत तुम्ही? माझ्या एका मित्राला हवं होतं."

"मित्राची कंबर केवढी आहे?"

"माझ्याएवढीच."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी त्याला शेजारी बसवले, पाणी दिले आणि मोठ्याने सांगितले, "मला वर्ष झालं. तुला किती झालं?" ढोलवाल्याने दाराकडे पाहिले आणि मग मोकळा श्वास सोडला. "सात महिने," तो म्हणाला, तोही मोठ्यानेच.

त्यानंतर सनईवाल्याची बायको आली, एक पोस्टमन आला, तीन बाळंतपणांनंतर हसायलाच घाबरणाऱ्या एक शिक्षिका आल्या. आता आमच्या व्हरांड्यात धागे वाळतात. टेलरताई शिवते, मावशी उकळतात आणि पिंजायचे काम माझे. वापरलेला धागा परसात खड्ड्यात पुरतात. कापड उकळून उन्हात वाळवतात.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काळजी घ्या. ओले काही कोंबू नका, काम झाले की कोरड्या फडक्याने पुसा. आणि आपल्या घरातले एखादे माणूस बाहेर जाणे सोडून गप्प बसू लागले, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. प्रेमाने विचारा. उत्तर यायला वेळ लागेल; पण बसून राहा.

बरे, आता पुरे. धागा वाळलाय, मास्तरांनी बाह्या सरसावल्यात आणि झाकणावर हात ठेवलाय. एकदा मी सुरू झालो, की या घरात दुसऱ्या कोणाचे काही ऐकू येत नाही.