रोसविटाचा सातवा सूर

रोसविटाला चर्चच्या ऑर्गनवर मायनर ही उदास सुरावट शिकवता शिकवता माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. बाई कष्टाळू, बोटं चांगली, कानही शाबूत. दर गुरुवारी सॉसेजचं दुकान बंद करून वेळेवर यायची. पण सातवा सूर आला की घोडं अडलंच.

"अहो, अर्धा सूर वर घ्या! पांढरी नाही, काळी पट्टी!"

"पण बाई, ओळीच्या सुरुवातीला तशी खूण नाहीये."

"नसतेच! तुमच्या पुस्तकात नुसती चाल आहे. खालचे साथीचे सूर वाजवणाऱ्याने बसवायचे, आणि सातवा दर वेळी आपण चढवायचा. हार्मोनिक मायनर म्हणतात ते हेच!"

"म्हणजे छापलंय ते चूक?"

मी कपाळावर हात मारला. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, की हा सूर तसाच ठेवला तर ज्यावर गाणं संपतं त्या घरच्या सुरापासून लांब पडतो. चढवला की उंबऱ्यावर येऊन उभा राहतो, आणि मग आत गेल्याशिवाय चैन पडत नाही. तिने वाजवून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"पण मग सहाव्या-सातव्यात केवढी खिंड पडते! कोपऱ्यावरच्या कबाबवाल्याकडे लागतात तसली गाणी वाटतात. चर्चमध्ये बरं दिसतं का?"

तरी शिकवणं भाग होतं. मी डिसेंबरमध्ये निवृत्त झाल्यावर एल्केरोडे गावच्या चर्चला ऑर्गन वाजवणारं कुणी उरत नव्हतं. चर्चच्या मंडळाचे प्रमुख क्युमेल यांनी रेकॉर्ड केलेली गाणी वाजवणारा स्पीकरचा डबा आणूनही ठेवला होता. रोसविटा ऑर्गनवादकाची परीक्षा पास झाली नाही, तर डिसेंबरपासून डबाच वाजणार होता. तिच्या आईच्या अंत्यविधीला शेजारच्या गावात असाच डबा लावला होता, आणि तेव्हापासून ती हट्टाला पेटली होती.

परीक्षेच्या आधी एका रविवारी प्रार्थनेला तिला वाजवायला बसवलं. तिसरं कडवं संपताना बाईंनी शेवटून दुसऱ्या जागी सातवा सूर न चढवताच लावला. गाणं संपलंय असं कुणाला वाटेचना. अख्खं चर्च चौथ्या कडव्यात शिरलं आणि पाद्री प्रवचनाला तोंड उघडून उभे राहिले.

"फळ्यावर तीनच कडवी लिहिली होती," रोसविटा फणकारली. "लोकांना वाचता येत नाही का?"

"लोक वाचत नाहीत, ऐकतात! तुम्ही गाणं संपवलंच नाहीत!" मी ओरडले. पटलं तिला? छे.

परीक्षाही प्रार्थनेच्या वेळीच होती. परीक्षक डॉक्टर श्टाइनवेग शहरातून आले आणि वर गॅलरीत ऑर्गनपाशी माझ्या शेजारी बसले. रोसविटाने प्रत्येक सातवा सूर चढवला. कळून नव्हे, माझ्या धाकाने. मी एकेक मोजत होते. शेवटचं कडवं आलं, शेवटून दुसरी जागा आली, काळी पट्टी दाबली गेली, आणि बाई गोंधळून थांबली. बोटं तिथेच. सूर नुसता लोंबकळत राहिला. खाली सगळे माना वर करून ताटकळले. मला तिला बाकावरून ढकलून द्यावंसं वाटलं.

तेवढ्यात क्युमेल यांनी आपल्या घोगऱ्या आवाजात घरचा सूर लावला. पाठोपाठ सगळ्या चर्चने लावला.

रोसविटा लालबुंद होऊन माझ्याकडे वळली. "अगंबाई! हे होतं होय! त्यांना राहवलंच नाही! मग इतके महिने तुम्ही नीट सांगितलं का नाही?"

माझे हात शिवशिवले.

प्रार्थना संपल्यावर श्टाइनवेग म्हणाले, "शेवटचे सूर वाजलेच नाहीत. नापास. वसंतात पुन्हा या."

"अहो, आज पहिल्यांदा तिला कळलं!" मी भडकले. "पाठ करून वाजवणारे तुम्ही डझनाने पास करता!"

"नियम आहे, बाई."

क्युमेल धापा टाकत जिना चढून आले होते. "नापास कोण?"

"मी," रोसविटा पुटपुटली.

"असं?" त्यांनी श्टाइनवेगना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चाळीस वर्षं इथे गातोय मी. आज पहिल्यांदा मला कुणीतरी गायला लावलं. परीक्षा तुमची, साहेब, चर्च आमचं. डिसेंबरपासून याच वाजवतील. डबा उद्या परत जाईल."

रोसविटा बाकावर बसल्या बसल्या मोठ्याने रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. राग अजून गेला नव्हता, पण हात काढावासा वाटेना.