साठ फुटी भिंतीवरची वाकळ

कळमनुरीच्या इस्माईलभाईंनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळून गेले. त्यामुळे कुरुंद्याच्या मुलींच्या शाळेतून संध्या मॅडमचा फोन आला, साठ फूट भिंत रंगवायची आहे म्हणून, तेव्हा त्यांनी विषय न विचारताच होकार भरला.

विषय निघाला भलताच. लढाईत शहरावर बॉम्ब पडत असताना संग्रहालयातली माणसं चित्रं आणि मूर्ती उचलून सुरक्षित जागी नेतात, हे मॅडमनी वर्गात सांगितलं होतं. मुलींना भिंतीवर तेच हवं होतं.

चार दिवसांत इस्माईलभाईंनी जळतं शहर काढलं, पायऱ्या काढल्या, ओझी घेऊन उतरणारी माणसं काढली. पाचव्या दिवशी हळदीच्या कामावरून परतणाऱ्या पद्माबाई भिंतीपाशी थबकल्या. डोक्यावर मूर्ती घेतलेल्या बाईकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"भाऊ, ही बाई दोन पावलांत पडन."

"काहून?"

"एवढा दगुड, अन् मान वाकडी. चुंबळ बी न्हाई."

त्यांनी पदराची चुंबळ केली, पाण्याने भरलेला रंगाचा डबा डोक्यावर ठेवला आणि हात न लावता भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. इस्माईलभाईंनी जुनी बाई पुसली आणि अंधार पडेपर्यंत तिथे पद्माबाई उभ्या केल्या. अक्षरं काढण्यात जन्म गेला होता. माणूस इतका जिवंत पहिल्यांदाच उतरला.

दुसऱ्या दिवशी स्वतःला पाहून पद्माबाई लाजल्या. मग पिशवीतून आईने शिवलेली वाकळ काढून त्या म्हणाल्या, "लढाई आली तर मी दगुड न्हाई उचलणार. हे घेऊन पळन."

संग्रहालयाच्या चित्रात वाकळ कशी बसवायची? इस्माईलभाईंनी ती ओट्यावर पसरली. लाल त्रिकोणाशेजारी पोपटी चौकोन, भोवती तांदळासारखे टाके. असे रंग शेजारी बसवायची त्यांची छाती कधी झाली नव्हती. त्यांनी वाकळ चित्रातल्या पद्माबाईंच्या खांद्यावर टाकली, टाका न् टाका मोजून.

ही बातमी गावभर झाली. बिलकीसबींनी नक्षीचं पानदान आणलं, जळबांनी एकतारी, तातेरावांनी बैलाची आरशांची झूल. प्रत्येक वस्तू चित्रातल्या कुणाच्या ना कुणाच्या हातात गेली. शनिवारपर्यंत भिंतीवर वीतभरही आभाळ उरलं नाही, आणि फाटकाशी अजून सहा बाया पिशव्या घेऊन उभ्या होत्या.

इस्माईलभाईंनी संध्या मॅडमना विचारलं, मागची भिंतही शाळेचीच आहे ना. मॅडमनी हसून मान डोलावली, तेव्हा त्यांनी शिडी खांद्यावर घेतली आणि बायांना मागून यायला सांगितलं.