न फुटणाऱ्या बिया

नंदुरबारच्या बाजारात कलीमचाचांची हरभरे आणि शेंगदाणे भाजण्याची भट्टी आहे. चाळीस वर्षांच्या धुराने त्यांचे नाक निकामी केले होते. ही गोष्ट त्यांनी कुणालाही कळू दिली नव्हती. भाजणे ते कानाने ओळखीत. तापल्या वाळूत हरभरा फुटू लागला, की त्या आवाजावरून घाणा नेमका केव्हा उतरवायचा हे त्यांना उमगे.

चहाच्या या गावात कलीमचाचा आणि त्यांच्या पत्नी बिस्मिल्लाबी कॉफी पीत. दुपार कलली, की असरच्या नमाजानंतर दोघे ओट्यावर बसत, एकेक कप घेत आणि अर्धा तास कशावरून तरी वाद घालीत. एवढ्याशा गोष्टीला सुख म्हणावे काय, असे कुणी विचारील. त्याला उत्तर इतकेच, की ती थांबल्यावर त्या घरात दुसरे फारसे काही उरले नाही.

हिवाळ्यात बिस्मिल्लाबींची छाती धडधडू लागली आणि डॉक्टरांनी चहा-कॉफी दोन्ही बंद केली. तेव्हापासून कॉफीच्या वेळी त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत. पुढल्या कुठल्याही गोष्टीचा विषय निघाला, की म्हणत, "मी ऱ्हायनू तं." ईदला रिम्शा येणार, असे सांगितले तरी तेच: मी राहिले तर. दुखण्यापेक्षा हे तीन शब्दच कलीमचाचांना अधिक भिववीत.

रिम्शा ही त्यांची मुलगी. नवऱ्याच्या नोकरीमुळे केरळात राहते. तिने तिकडून दोन किलो कोकोच्या बिया पाठवल्या आणि फोनवर निरोप बोलून धाडला: "अब्बा, डॉक्टरले इचारेल शे. पातळ करी एक वाटी चालस. कॉफीनी जागावर हाई करी देखा. पहिले भाजा..."

'भाजा' या शब्दापाशी कलीमचाचांनी निरोप बंद केला. कसे भाजायचे, हे पोरीने बापाला शिकवावे? त्यांनी किलोभर बिया हरभऱ्यासारख्या मीठ-हळदीच्या पाण्यात ओलवल्या, मुरू दिल्या, आणि भट्टीच्या तापल्या वाळूत लोटल्या. मग कान देऊन बसले.

शेजारचा हमाल रेवजी धावत आला. "चाचा, काय जाळी ऱ्हायनात? डोळा चुरचुरी ऱ्हायनात मन्हा!"

"गप रे! आते फुटतीन."

फुटल्या नाहीत. कोकोची बी हरभऱ्यासारखी तडतडून बोलत नाही. वाट पाहणाऱ्याला ती काही न सांगता जळून जाते.

तरीही कलीमचाचांनी त्या कुटल्या, उकळल्या, फडक्यातून गाळल्या आणि वाटी बिस्मिल्लाबींपुढे धरली. त्या उठून बसल्या, एक घोट घेतला, आणि त्यांचे तोंड वाकडे झाले.

"हाई काय शे?"

"कॉफी."

"कॉफी? फुटानासना काढा शे हाऊ! मीठ काय, हयद काय... अन् दातम्हा रेती!" पदर तोंडावर घेऊन त्या हसू लागल्या. तीन महिन्यांत प्रथमच.

"हासू नको. किलोभर जळी गयं."

"तुम्हले वास नही वना?"

कलीमचाचा खाली पाहत म्हणाले, "माले वास येतच नही."

"माले मालूम शे. इतला वरीस मन्ही करपेल भाजी तुम्ही गोड करी खादी. दुसरा कोन खाई?"

दुसऱ्या दिवशी असरनंतर ओट्यावर शेगडी आली. मंद निखाऱ्यांवर लोखंडी कढई, कढईपाशी उलथणे हाती घेतलेले कलीमचाचा, आणि समोर पाटावर बिस्मिल्लाबी.

"धीरेधीरे. शेवया भाजतस तशे."

"व्हयनं का?"

"आजून आंबूस वास शे."

भाजण्याच्या बाबतीत ज्या माणसाने उभ्या हयातीत कुणाचे ऐकले नव्हते, तो आता दर दोन मिनिटांनी विचारीत होता आणि उत्तराची वाट पाहत होता. आंबूसपणा उडाला, खरपूस भाकरीसारखा वास सुटला, मग बिस्मिल्लाबींनी डोळे मिटले आणि एकदम म्हणाल्या, "उतारा!"

त्यांनी कढई तत्क्षणी उतरवली. भट्टीने राठ झालेल्या बोटांनी ते गरम टरफले सोलू लागले. बिस्मिल्लाबी सुपाने पाखडू लागल्या. खलबत्त्यात कुटलेली पूड गुळाच्या खड्यासह पाण्यात उकळली आणि तांबूस, कडसर पेय दोन वाट्यांत आले.

"कॉफी नही हाई," बिस्मिल्लाबी म्हणाल्या.

"कॉफीच शे."

"नाक नही, अन् चव सांगतस मोठा!"

"जीभ तं शे ना!"

"दखेल शे तुम्हनी जीभ. काल रेती पाजी माले."

वाद रंगला. सावली ओट्यावरून उतरून रस्त्यावर गेली, तरी कुणी उठले नाही. बिस्मिल्लाबींनी रिकामी वाटी पुढे केली.

"डॉक्टरनी एकच सांगेल शे," कलीमचाचांनी ठाम नकार दिला.

त्या रुसल्या, मग उरलेल्या बियांची पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी ती हाताने जोखली. "तीन महिना बी पुरावत नही. लावा रिम्शाले. चार किलो धाड म्हना."

"चार? इतल्या कसाले?"

"कसाले म्हंजे? सालभर लागतीन ना!"

कलीमचाचांनी वाद घातला नाही. त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि पाच किलो सांगितले.