पोहणारे पाय

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. आता कपाटात मऊ फडक्यात गुंडाळून पडलेला असतो. अर्धवट झोपेत मला अजून शाळेतली ती खोली दिसते: गाद्या, मण्यांचे डबे, पडद्यातून गाळून आलेलं ऊन.

माझा जन्म कारखान्यातला, पण डोळा उघडला तो थेरपिस्ट ताईंच्या हातात. पेन्सिल धरणं, बटण लावणं ज्या मुलांना जड जाई, त्यांना त्या शिकवत. प्रत्येक मुलाच्या अहवालात मजकुराबरोबर फोटोही असत. नियम दोनच: मुलाला विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि 'एक माझा, एक तुझा'. ताईंचा झाला की मूल एक काढणार. त्यात कधी पंखा येई, कधी ताईंचं नाक. अशा फोटोंवर सगळे हसत आणि पुढे जात.

चिमणी म्हणून एक मुलगी होती. वहीत लिहिताना तिची ओळ डोंगर चढून दरीत पडे. वर्गात सारखी चुळबुळ. तिनं मैत्रिणींबरोबर राहायचं की खालच्या वर्गात जायचं, हे ताईंच्या अहवालावर ठरणार होतं. ताईंनी तिच्या हातांचे फोटो घेतले. हात, पेन्सिल, पुन्हा हात. काही उलगडेना.

"आता माझा!" चिमणीनं मला ओढलं, खाली झुकवलं आणि कळ दाबली.

ताईंनी माझ्या मागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. "हे गं काय काढलंस?"

"माझे पाय. पोहतायत बघा! वर्गातपण दिवसभर पोहतात."

ताई हसल्या नाहीत. खुर्चीवरून तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लटकत होते. खाली आधार नाही, मग हात स्थिर राहणार कसा?

अहवालात तोच फोटो लागला. शेजारी दुसरा: पायांखाली लाकडी ठोकळा, आणि वहीत बऱ्यापैकी सरळ ओळ.

"अगं बाई!" चिमणीच्या आईनं कपाळाला हात लावला. "आणि मी रोज हिच्या नावानं खडे फोडतेय, बूड टेकत नाही म्हणून!"

"बूड टेकत होतं हो," ताई म्हणाल्या. "पाय टेकत नव्हते."

मुख्याध्यापिकांनी दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. "ठोकळा वर्गात न्या. मुलगी तिथेच बसेल."

मग मोबाइल आले, मी कपाटात आलो. काचेवर बुरशी चढली. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या डोळ्याला कोरड्यात ठेवा. आणि कुणाचा फोटो काढाल तर आधी विचारा, मग कॅमेरा एकदा त्याच्याही हातात द्या.

झोपेत अजून ते दोन पाय येतात. पोहत पोहत येतात, आणि हळूच काठाला लागतात.