बुजवलेलं भोक आणि सहाचे थेंब

"भोक हा भूतकाळ आहे," असं फोन बनवणाऱ्या कंपनीचे साहेब भर सभेत उभे राहून म्हणाले आणि लगेच गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरले. डाव्या कानातला बिनतारी इयरबड निसटला होता. तो काही सापडला नाही. मग प्रगती उजव्या कानाच्या भरवशावर पुढे निघाली.

कोपऱ्यात बसलेल्या काकांनी तेवढ्यात घड्याळ पाहून घेतलं. काका सभांची इतिवृत्तं लिहीत. एकतीस वर्षं लोकांच्या बडबडीला शहाणपणाचा सदरा घालता घालता त्यांचे केस गेले होते. आज त्यांच्या जिवाला एकच घोर होता. काकूंचा मोतीबिंदू परवाच काढला होता आणि सहाच्या ठोक्याला डोळ्यात थेंब घालायचे होते. काल काकूंनी स्वतःच घालून पाहिले, तर औषध कानात गेलं. साडेपाचची बस चुकवून चालणार नव्हतं.

नव्या फोनला हेडफोनचं भोक ठेवायचं की बुजवायचं, यावर दोन तास खल चालला.

"लोक शिव्या घालतील," विक्रीवाल्या बाई म्हणाल्या.

"चार दिवस घालतील, मग बिनतारी घेतील," इंजिनियर म्हणाला.

"आणि चार्ज करायला विसरले तर?"

"तर शांतता मिळेल. वेगळे पैसे न देता."

भोक एकमताने बुजलं. साहेबांनी ज्यावर सभा मुद्रित झाली होती तो फोन काकांच्या हातात दिला. "पाचपर्यंत लिहून द्या. गुप्त आहे, मोठ्याने लावू नका. संगणकालाही जोडायचा नाही."

काकांनी चिकटपट्टीवर जगवलेला आपला वायरचा हेडफोन काढला. फोन वरून पाहिला, खालून पाहिला, कुशीवर वळवून पाहिला. मग इंजिनियरला गाठलं.

"याचं भोक कुठंय रे?"

"काका, हा नवाच नमुना आहे. तुम्ही सभेत होतात ना?"

"होतो. पण इतक्या लवकर अंमलबजावणी आपल्याकडे कधी झाली नव्हती."

बिनतारी जोड अख्ख्या मजल्यावर एकच, साहेबांचा, आणि तोही विधुर झालेला. काका कागदांच्या कोठीत गेले, डोक्यावरून कोट ओढला आणि फोन कानाला लावून बसले. लिहायला फोन कानापासून काढला की पडद्याला गाल लागे आणि मुद्रण पहिल्यापासून सुरू होई. भोक हा भूतकाळ असल्याचं त्यांनी नऊ वेळा ऐकलं. पाच वाजले तेव्हा कागदावर तेवढंच होतं.

मग काकांनी फोन बाजूला ठेवला आणि सगळं मनानेच लिहून काढलं. एकतीस वर्षांत सभेत कोणी वेगळं काही बोललंच नव्हतं. तरी शेवटची ओळ होईतो पावणेसहाला दहा कमी होते. बस गेलेली होती.

साहेबांनी न वाचता सही ठोकली. मग दार लोटून घेतलं आणि खणातून आपला स्वतःचा फोन काढला. चार वर्षं जुना. भोकासकट.

"काका," ते हळूच म्हणाले, "उजव्या कानाने मला जरा कमीच ऐकू येतं. तुमचा तो वायरवाला आजच्यापुरता द्याल? हे इतिवृत्तात नको."

काकांनी वायर नीट गुंडाळून त्यांच्या हातावर ठेवली.

"न्या, साहेब. फक्त जाता जाता गाडीतून मला घरी सोडा. हिच्या डोळ्यात थेंब घालायचेत."