साबणाने येणारं रक्त

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढच्या रांगांत पट्ट्या बांधलेले हात, फडक्यांत गुंडाळलेले पाय, भिंतीला टेकवलेल्या कुबड्या. व्यासपीठावर तेलबाबा, आणि त्यांच्यासमोर शर्टाची बाही वर सरकवून उभा असलेला एक सुतार.

बाबांनी सुताराच्या हातावर ‘शुद्धिजल’ ओतलं, ते सुकेपर्यंत डोळे मिटून पुटपुटले, मग बाजूच्या वाटीत सुरी बुडवून त्याच्या हातावर ओढली. लालभडक रेघ उमटली. ओघळही आला. 

“दुखलं का रे?”

“नाही महाराज.”

“कसं दुखेल? सुरी माझी, वेदना त्याची.” बाबांनी छताकडे बोट केलं. छतावर पंखा होता. “आता बघा. या बाटलीत तेल नाही, तप आहे. सात वनस्पतींचं.”

सात वनस्पतींची नावं ते दर वेळी सांगत, आणि दर वेळी वेगळी सात सांगत. त्यांनी बाटली खळखळून हलवली, पांढऱ्या फडक्यावर तेल घेतलं, हात पुसला. रेघ गायब. टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

पहिल्या रांगेत सासूबाईंनी हात जोडले. शेजारी बसलेली सून मात्र सुताराच्या हाताकडे बघतच नव्हती. ती त्या फडक्याकडे बघत होती.

तिचं कामच ते. नऊ वर्षं ती धुलाईच्या दुकानात डाग काढत होती. माणूस समोर आला की इतरांना त्याचा चेहरा दिसतो, तिला आधी कॉलर दिसायची.

सासूबाईंना साखरेचा आजार. महिन्यापूर्वी चपलेचा खिळा करंगळीखाली रुतला, आणि तो त्यांना कळला संध्याकाळी, पायपुसणं लाल झालं तेव्हा. दवाखान्यात रोजचं ड्रेसिंग सुरू झालं. मग कुणीतरी या तेलाची बाटली आणून दिली आणि दवाखाना सुटला. “दुखतच नाही बघ आता,” त्या अभिमानाने सांगत. तीन वर्षांची नात नाक मुरडून म्हणाली होती, “आजीच्या पायाला घाण वास येतो.”

“औषधी तेल आहे ते, सोने,” म्हणून आजीने तिला कुरवाळलं. सून मात्र त्या दिवशी पोरीकडे बघतच राहिली. घरात खरं बोलणारी तेवढी एकच होती.

गेल्या मंगळवारी बाबांच्याकडचं बोचकं दुकानात आलं. चाळीस पांढरी फडकी.

“रक्ताचे डाग आहेत, आधी गार पाण्यात टाक,” दुकानाचे मालक म्हणाले.

तिने एक फडकं उलगडलं. चार दिवसांचं रक्त तपकिरी पडतं. हे डाग पिवळे होते. तिने साबणाची वडी घासली, आणि पिवळा डाग तिच्या बोटांखाली लाल झाला. वर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळा. ती हसत सुटली.

“काका, हे रक्त नाही. हळद आहे.”

“ते आपलं गिऱ्हाईक आहे,” काका म्हणाले. “डाग काढ. अक्कल नको काढू.”

घरी सांगितलं, तर सासूबाई फणकारल्या. “तुला काय, सगळीकडे डागच दिसतात.”

बोलून भागणार नव्हतं. म्हणून आज ती सासूबाईंना स्वतःच घेऊन आली होती, पर्समध्ये ओल्या रुमालात गुंडाळलेली साबणाची वडी ठेवून.

“आणखी कुणाला परीक्षा बघायची आहे?” बाबांनी विचारलं.

ती उठली. बाबांनी प्रेमाने तिच्या हातावर शुद्धिजल ओतलं. ते सुकलं. बाबांनी वाटीतल्या सुरीकडे हात नेला.

“राहू द्या महाराज, सुरी कशाला?” म्हणत तिने वडी काढली आणि मनगटापासून कोपरापर्यंत घासली.

अख्खा हात लाल झाला.

“अगं बाई, सोलवटला की हिचा हात,” मागून कुणीतरी म्हणालं.

“सोलवटला नाही, मावशी. धुतला.” ती लोकांकडे वळली. “शुद्धिजल म्हणजे गाळलेलं हळदीचं पाणी. सुरी बुडवतात त्या वाटीत सोडा. हळदीला सोडा नाहीतर साबण लागला की ती लाल होते. आणि तपात लिंबाचा रस आहे. तो तेलात मिसळत नाही, म्हणून बाटली हलवावी लागते. लिंबाने लाली जाते, उरलेली हळद तेल उचलतं.” तिने बाबांची बाटली हलवली, फडक्यावर तेल घेऊन हात पुसला. हात स्वच्छ.

“बाईची नजर वाईट आहे,” बाबा म्हणाले. “तेल बाटवलं हिने.”

“मग नवी बाटली फोडा. सुरी बदला, कोरडी धारदार घ्या, आणि तुमच्याच हातावर ओढा. तेल मी लावते.”

बाबांचे दोन्ही हात पाठीमागे गेले. सुताराने वाटीतली सुरी उचलून तिच्या पात्यावरून अंगठा फिरवला. रोज रंधा आणि पटाशी हाताळणारा माणूस तो. “हिने खडूसुद्धा कापला जायचा नाही,” तो म्हणाला, आणि आपल्या हाताकडे बघून ओशाळला.

हशा पिकला. सासूबाई हसल्या नाहीत. “मग माझं दुखणं कसं थांबलं?” त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

सून त्यांच्या पायाशी बसली. “आई, खिळा रुतला तेव्हा तरी कुठे दुखलं होतं? साखरेने तुमच्या पायाची जाणीव गेलीय. पाय बरा झाला नाही, मुका झालाय.”

सासूबाईंनी पायाचं फडकं सोडलं. खालची करंगळी काळी पडली होती.

करंगळी गेलीच. पाय वाचला. “कोरड्या, भेगाळलेल्या टाचेला तेल चोळा, बिनधास्त,” दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जखम भरायला कुठल्या तेलाचा उपयोग होतो का, हे तपासून ठरवतात. टाळ्या वाजवून नाही. पंधरा दिवस आधी आला असतात तर बोटही राहिलं असतं.” बाबा त्याच आठवड्यात गाव सोडून गेले. फडकी न्यायला कुणी आलं नाही.

आता नात आजीच्या मांडीवर आडवी होऊन पायाची बोटं मोजते. एक, दोन, तीन, चार.

“आजी, पाचवं कुठंय?”

“त्या बाबाने खाल्लं.”

“का खाऊ दिलंस?”

आजी पोरीचे दोन्ही हात आपल्या हातात घेते.

“विचारलं नाही मी, म्हणून. तू विचारत जा, सोने. हे हात कुणापुढे जोडायच्या आधी विचारायचं, हे कसं होतं? सांगता आलं नाही, तर हात खाली.”